बाहेरून कडी

"मामा, भोकं आहेतच की आधीची," लहूराव म्हणाले. "नवीन पाडायचीसुद्धा गरज नाही."

माझे जावई तिसऱ्या खोलीच्या दारापुढे उकिडवे बसले होते. बाजूला पिशवी पसरून तिच्यावर तीन लोखंडी कड्या आणि त्यांचे कोयंडे मांडले होते. नेरळहून सकाळच्या पहिल्या गाडीने दस्तुरीपर्यंत आले आणि तिथून ते ओझं खांद्याला लावून चालत आले. माथेरानात गाडी येत नाही. जे आणायचं ते घोड्यावर, नाहीतर माणसाच्या अंगावर.

मी पायरीवर बसलो होतो. त्या दिवसांत मी बराच बसून असायचो.

"आधीची भोकं सैल झाली असतील," मी म्हणालो.

"काड्या भरतो."

त्यांनी खिशातली काडीपेटी काढली, चार काड्या मोडून चौकटीच्या भोकात ठोकल्या आणि वरून स्क्रू पिळला. कोयंडा बसला. हाताने हलवून बघितला आणि माझ्याकडे वळून हसले.

"माकडाला एवढं पुरे. माकड काय पहार घेऊन येणार आहे?"

ती भोकं आमच्या हिने केलेली होती. म्हणजे कड्या हिने काढल्या होत्या. आम्ही पहिल्यांदा पाहुणे ठेवायला लागलो त्याच साली. मी घोडा विकला, मागच्या गोठ्याच्या जागेवर तीन खोल्या बांधल्या, दारं जुनी आणून बसवली. त्यांना बाहेरून कड्या होत्या. सगळ्या माथेरानात खोल्यांना बाहेरून कड्या असतात, कारण माकडं. दार नुसतं लोटलेलं असलं की ती आत शिरतात, पिशव्या फाडतात, औषधाच्या गोळ्यासुद्धा खातात. हिने पहिल्याच आठवड्यात तिन्ही कड्या उचकटून टाकल्या.

मी म्हणालो होतो, "अगं, लोक काय म्हणतील?"

ती म्हणाली, "बाहेरून कडी गोठ्याला घालतात. आता इथं माणसं झोपणार आहेत."

एवढंच. पुढे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. कडीच्या जागी ती स्वतः बसायला लागली. समोरच्या पायरीवर, हातात काठी. पाहुणे फिरायला निघाले की "मावशी, लक्ष असू द्या" म्हणून जायचे. किमती वस्तू असेल तर ती आपल्या कपाटात ठेवून घ्यायची. भाजी निवडायची तिथेच, तांदूळ निवडायची तिथेच. माकडं तिला ओळखत होती. मी कधी बसलो तर माकडं खुशाल माझ्या डोक्यावरच्या फांदीवर येऊन बसायची.

आता ही नव्हती. श्रावणात गेली. पायरी रिकामी होती, आणि मी तिथे बसलो तरी ती रिकामीच होती हे माकडांना कळलं होतं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी दोन नंबरच्या पाहुण्यांची बॅग फाडली. माणूस चिडला, म्हणाला, "पैसे घेता आणि दाराला साधी कडी नाही?" निघून गेला. लेकीने, सिंधूने, फोनवर ते ऐकलं आणि नवऱ्याला कड्या घेऊन पाठवलं. तोंडावर दिवाळीचा सीझन होता.

"मामींची पद्धत वेगळी होती," लहूराव दुसऱ्या दाराकडे सरकत म्हणाले. "मी नाव नाही ठेवत. पण त्यांना बसायला जमायचं. तुमचं बघा कसं झालंय. दुपारचा डबा तसाच पडलाय."

"भूक नव्हती."

"बरं, मग आता मी काय म्हणतो ते ऐका. हा सीझन मी बघतो. पुढचाही मीच बघतो. तुम्ही नेरळला चला. सिंधूला पण बरं वाटेल."

मी म्हणालो, "बघू." मनात 'हो' म्हणून झालं होतं. कुठे जायचं, काय खायचं, कोणत्या दाराला काय लावायचं, यातलं काहीही ठरवायची ताकद नव्हती. दुसरा कोणी ठरवतोय तर ठरवू दे.

"लावा तिन्ही," मी म्हणालो.

*

मोकाशी मंडळी धनत्रयोदशीच्या सकाळी आली. ठाण्याची. शिरीष म्हणून मुलगा, त्याची बायको वृंदा आणि शिरीषची आई. आजी घोड्यावर बसून आल्या. उतरताना घोडेवाल्याला म्हणाल्या, "बाबा, तुझा घोडा माझ्यापेक्षा म्हातारा दिसतो. कोणी कोणाला आणलं?"

मला बघून त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "ढेबे तुम्हीच ना? आणि मावशी कुठे? आमच्या शेजारणीने सांगितलं, तिकडे एक मावशी आहेत, भाकरी उत्तम करतात."

"ती गेली," मी म्हणालो. "श्रावणात."

आजींनी हात खाली केला. "अरे देवा," म्हणाल्या. मग थोडं थांबून, "मग भाकरी आता कोण करतं?"

वृंदा ओरडली, "आई!"

"विचारायचं नाही का? त्यांनी पण खायला हवं ना."

खूप दिवसांनी मला हसू आलं. येता येता थांबलं.

त्यांना तिसरी खोली दिली. सामान लावायच्या आधीच आजी खाटेवर बसून केळं सोलायला लागल्या आणि दारातून एक मोठा हुप्प्या आत आला. त्यांच्या हातातलं केळं घेतलं, डाव्या हातातली सालही घेतली, आणि सावकाश चालत निघून गेला. आजी म्हणाल्या, "संस्कारी आहे. कचरापण स्वतः घेऊन गेला." पण वृंदा घाबरली. पांढरीफटक पडली. लहूराव धावत गेले.

"ताई, घाबरू नका. ही बघा, बाहेरून नवी कडी लावलीय. जाताना घालत चला. माकड कडी उघडायला शिकलंय म्हणतात लोक, तुमच्याकडे छोटं कुलूप असलं तर ते अडकवा, मग चिंताच नको."

"बॅगेचं आहे," वृंदा म्हणाली.

मी हे पायरीवरून ऐकलं. मी काही बोललो नाही, कारण त्यात बोलण्यासारखं काही दिसलं नाही. फिरायला जाताना दाराला कुलूप लावणार, सगळेच लावतात.

दुपारी लहूराव बाजारात गेले. सिंधू संध्याकाळच्या गाडीने यायची होती, तिला दस्तुरीहून घेऊन ते परतणार होते. घरात सण नव्हता. ही जाऊन वर्ष झालं नव्हतं. नाहीतर त्या दिवशी हिची लगबग असायची. कणीक मळून, हळद घालून, तिचा दिवा करायचा, तिन्हीसांजेला अंगणात दक्षिणेकडे तोंड करून ठेवायचा. यमाचा दिवा. घरातल्या कोणाला अवेळी मरण येऊ नये म्हणून. दिवा लावला की ती तिथेच बसायची. मी आतून हाका मारायचो, ताट वाढलंय, चल. ती म्हणायची, "विझला की येते." मला वाटायचं काहीतरी देवाधर्माचं असेल. तेल संपेपर्यंत बसायची. कधीकधी भाकरी पार गार व्हायची.

तिन्हीसांजेला मी मागच्या बाजूला होतो. पाणी आलं होतं. मोटार लावून टाकी भरत होतो. मोटारीचा आवाज मोठा. मध्ये एकदा मला वाटलं कोणीतरी हाक मारली, पण तसं मला त्या दिवसांत रोजच वाटायचं. मी मान वर करायचं सोडून दिलं होतं.

मोटार बंद केली तेव्हा वास आला.

चुलीचा धूर मला कळतो, पाल्याचा कळतो. हा तो नव्हता. प्लास्टिक जळल्यासारखा, घशाला लागणारा. मी पुढे आलो. तिसऱ्या खोलीच्या दाराच्या वरच्या फटीतून काळा धूर येत होता. दक्षिणेच्या बाजूला खोलीची खिडकी होती, तिच्या काचेवर पिवळं नाचत होतं.

मला वाटलं, खोली रिकामी आहे. मोकाशी सूर्यास्त बघायला गेलेत. जाताना मी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. जळाली तर खोली जळेल. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याचंही फारसं काही वाटलं नाही.

मग आतून खोकला आला.

दारापाशी, अगदी खाली, उंबऱ्याच्या जवळून. आणि मग आवाज. "अहो... कोणी आहे का?"

"आजी?"

"दार उघडा हो. बाहेरून लावलंय."

मी कडीला हात घातला. कडी घातलेली होती, आणि तिच्यात बॅगेचं छोटं पितळी कुलूप. करंगळीएवढं. मी ते ओढलं, पिळलं, दगडाने दोन घाव घातले. हाताला लागलं, कुलपाला काही झालं नाही.

"किल्ली कुठाय?"

"वृंदाच्या पर्समध्ये." खोकला. "ती पॉइंटावर गेलीय."

खिडकीला जाड गज होते. तेही माकडांसाठीच. तिकडून आग. माणसाला बाहेर यायला एकच वाट होती आणि तिच्यात मी दगड घेऊन उभा होतो.

"आजी, खाली राहा. उठू नका."

"चुलीपुढे जन्म गेला माझा," त्या म्हणाल्या, "धूर वर जातो हे कळतं मला. तुम्ही दाराचं बघा."

मी शेजारच्या गल्लीकडे बोंब मारली. कोण ऐकतंय, कोण नाही. सगळे बाजारात नाहीतर पॉइंटावर. मग मला लहूरावांचं पहारीचं बोलणं आठवलं, आणि मी मागे धावलो. पहार मोरीमागे असायची. गोठा होता तेव्हापासून तिथेच. ही वस्तूंच्या जागा बदलू द्यायची नाही, आणि ती गेल्यावर मी कशालाच हात लावला नव्हता. पहार जागेवर होती.

पण अंगात काही उरलं नव्हतं. दोन महिने धड जेवलो नव्हतो. पहार उचलली आणि खांदा हलला नाही. आतून खोकला यायचा थांबला होता.

मी पहारीचं टोक कोयंडा आणि चौकटीच्या मधल्या फटीत घातलं आणि सगळ्या अंगाने तिच्यावर पडलो. मला वाटलं होतं तीन-चारदा करावं लागेल, कदाचित जमणारच नाही. एकाच हिसक्यात कोयंडा निघाला. स्क्रू सरळ बाहेर आले, काडीपेटीच्या काड्यांचा भुगा घेऊन. ती जुनी सैल भोकं. हिने रिकामी केलेली.

दार आत उघडायचं, पण उघडेना. आजी दारालाच पडल्या होत्या. थोडं थोडं लोटत हात आत घातला, पदर लागला, मग दंड लागला. ओढलं. काळ्या धुराचा लोट तोंडावर आला. त्यांना पायरीपर्यंत कसं आणलं ते मला आठवत नाही. त्या फारशा जड नव्हत्या, एवढं आठवतं.

पायरीपाशी मातीचे दोन डबे होते. तेलाचे पत्र्याचे डबे, आपल्याच लाल मातीने भरलेले. हिने पहिल्यापासून प्रत्येक दाराशी ठेवले होते. पाहुणे त्यात विडीची थोटकं टाकायचे, पानाच्या पिचकाऱ्या मारायचे, मी चिडायचो आणि म्हणायचो, काढून टाक. मी ते डबे उचलून आत रिकामे केले. तोवर गल्लीतले इसाकभाई घोडेवाले आणि त्यांचा भाऊ बादल्या घेऊन आले. पडदा, गादीची एक बाजू आणि खिडकीची चौकट जळाली होती. छताला आग पोहोचली नव्हती. थोडा उशीर झाला असता तर वरची बांबूची तट्टी पेटली असती आणि मग तिन्ही खोल्या.

इसाकभाई म्हणाले, "ढेबे, हे काय झालं?"

मी म्हणालो, "आधी पाणी आण म्हातारीला."

आजी पायरीवर बसल्या होत्या. हिच्याच जागेवर. चेहरा काळा, एका हातावर फोड. पाणी प्यायल्या, खाकरल्या, थुंकल्या. मग बोलल्या.

"दुपारी म्हटलं मी झोपते, तुम्ही जा. उठले तर दार बंद. वृंदाने लावलं, ते हुप्प्याने पुन्हा येऊ नये म्हणून. चांगल्यासाठीच लावलं तिने. मला यमाचा दिवा ठेवायचा होता. घरून कणकेचा करून आणला होता, डब्यात. हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही. वेळ टळत चालली. दिवा बाहेर ठेवायचा असतो हो, घरात नाही ठेवायचा. पण जाणार कुठून? म्हटलं खिडकी दक्षिणेलाच आहे, गजातून हात घालून जेवढा बाहेर ठेवता येईल तेवढा ठेवावा." त्या पुन्हा खाकरल्या. "वाऱ्याने पडदा आला."

इसाकभाईंनी हातातली बादली खाली ठेवली.

"त्याचा दिवा त्याला बाहेर ठेवायचा," आजी म्हणाल्या, "तर मी आत ठेवला. त्याला वाटलं, म्हातारी बोलावतेय."

इसाकभाईंना हसावं की नाही ते कळेना. आजीच हसल्या, आणि हसता हसता त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला. फोड आलेला नाही, दुसरा.

*

मोकाशी मंडळी अंधार पडता पडता आली. वृंदाने लांबूनच माणसं पाहिली आणि पर्समधून किल्ली काढत धावत आली. किल्ली हातात धरूनच उभी राहिली. उखडलेला कोयंडा दाराच्या कडीला लोंबत होता, त्यात कुलूप तसंच लागलेलं.

"मी लावलं," ती म्हणाली. "आई, मी लावलं होतं."

"हो," आजी म्हणाल्या. "माकड आलं नाही. तेवढं काम झालं."

वृंदा खाली बसली आणि रडायला लागली. शिरीष माझ्याकडे वळला. तरुण माणूस, घाबरला की आवाज चढतो तसा त्याचा चढला.

"काका, तुमच्याकडे आग विझवायचं नळकांडं नाही? दुसरं दार नाही? खिडक्यांना गज? आम्ही आईला तुमच्या भरवशावर ठेवून गेलो!"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

त्याला भांडण हवं होतं. माझ्याकडे ते नव्हतं. तो म्हणत होता त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

तेवढ्यात लहूराव आणि सिंधू आले. सिंधू आधी माझ्याकडे आली, माझे हात उलटसुलट बघितले, मग आजींकडे गेली. लहूराव दारापाशी थांबले. चौकटीची भोकं बघितली, खाली पडलेल्या काड्यांचा भुगा बघितला. कडीला लोंबणारा कोयंडा हातात धरून बघितला. कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पहिल्या खोलीची कडी सोडवायला घेतली. मग दुसरीची. ज्या हाताने पिळले होते त्याच हाताने उलटे. एक स्क्रू खाली पडला तेव्हा त्यांनी तो शोधला नाही.

डॉक्टर येऊन गेले. हाताला मलम लावलं, छाती तपासली, म्हणाले, रात्रभर लक्ष ठेवा, सकाळी खाली नेऊन दाखवा. सिंधूने आजींना आमच्या घरात, हिच्या खाटेवर निजवायचं ठरवलं. आजी उठेनात.

"माझा दिवा राहिलाय," त्या म्हणाल्या.

"आई, पुरे आता!" शिरीष म्हणाला.

"का पुरे? अर्धवट राहिलाय म्हणून पुरे?" मग माझ्याकडे बघून, "घरात कणीक असेल ना, ढेबे?"

"आमच्याकडे सण नाही, आजी. वर्ष झालेलं नाही."

"सण माझा. कणीक तुमची."

सिंधूने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती आत गेली. डब्यातून पीठ काढल्याचा आवाज आला. आईच्या माघारी स्वयंपाकघरात तो डबा उघडल्याचा पहिला आवाज. थोड्या वेळाने ती हळदीचा पिवळा दिवा घेऊन आली, तेल घालून, वात लावून. आजींचा हात बांधलेला होता. त्यांनी दिवा माझ्याकडे दे म्हणून तिला खूण केली.

मी आयुष्यात कधी यमाचा दिवा ठेवला नव्हता. ते हिचं काम.

"कुठे ठेवू?"

"बाहेर. उघड्यावर. वर काही नको, बाजूला काही नको. तोंड दक्षिणेला."

मी अंगणाच्या टोकाला गेलो. ही ठेवायची ती जागा मला माहीत होती. झाडापासून लांब, पाल्यापासून लांब, भोवती हातभर लाल माती झाडून साफ केलेली. माझ्या ध्यानात आलं की इतकी वर्षं मी तिला ती जागा झाडताना बघत होतो आणि ती पूजेसाठी झाडते असं मला वाटत होतं. मी हाताने माती साफ केली. दिवा ठेवला. वात सरळ केली. तिथेच बसलो.

आजींना आत नेलं. खिडकीतून त्यांचा खोकला येत होता, मधूनच वृंदाचा आवाज. लहूराव जळकी गादी ओढत अंगणाबाहेर घेऊन गेले. झाडावर माकडं निजायला जमली होती, फांद्या हलत होत्या. एक खाली उतरलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वर गेलं.

सिंधू दारात आली.

"बाबा, भाकरी केलीय. या."

"तुम्ही बसा जेवायला."

"गार होईल. दिव्याला काय होतंय? लावलाय ना. या आता."

ज्योत थोडी वाकली आणि पुन्हा उभी राहिली. तेल अजून बरंच होतं.

"विझला की येतो," मी म्हणालो.